वाटा वाढला की माहिती आटते, पण एका मर्यादेपर्यंतच

'प्रवर्तकाचा, म्हणजे कंपनीवर ताबा असलेल्या मुख्य मालकाचा, वाटा जितका मोठा, तितकी कंपनीची माहिती कमी बाहेर येते' असं म्हणतात, पण हा मुद्दा मला अर्धाच पटतो. हे नातं सरळ रेषेचं नाही. गुल, किम आणि किऊ या संशोधकांनी १९९६ ते २००३ या काळातल्या चिनी कंपन्या तपासल्या. सर्वात मोठ्या भागधारकाचा वाटा वाढत जातो तसा शेअरचा भाव कंपनीच्या स्वतःच्या बातम्यांपेक्षा एकूण बाजाराच्या चढउतारामागे जास्त धावतो, म्हणजे कंपनीची माहिती भावात कमी उतरते, पण साधारण ५० टक्क्यांनंतर हा कल उलटा फिरतो. तो सर्वात मोठा भागधारक सरकारी असेल तर भाव बाजारामागे आणखीच जातो. परकीय भागधारक असतील तिथे मात्र कंपनीची स्वतःची माहिती भावात जास्त उतरते.

वाटा वाढला की माहिती का आटते, ते मला मालकीच्या साखळीत दिसतं. समजा एका कुटुंबाकडे 'अ' कंपनीचे ५१ टक्के आहेत आणि 'अ'कडे 'ब'चे ५१ टक्के. 'ब'वर हुकूम कुटुंबाचाच, पण 'ब'च्या १०० नफ्यातले त्यांच्या वाट्याला जेमतेम २६ येतात. तोच पैसा चढ्या भावाच्या खरेदीतून स्वतःच्या खासगी कंपनीकडे वळवला तर पूर्ण १०० हातात! मग 'ब'चा ताळेबंद स्पष्ट ठेवण्यात त्यांना रस कशाला असेल? वाटा खूप मोठा झाला की नुकसानही स्वतःच्याच खिशाला बसतं, म्हणून लपवण्याची गरज कमी होते. त्यामुळे नुसता टक्का बघू नका. वार्षिक अहवालात संबंधित पक्षांशी (मालकाच्या इतर कंपन्या, नातेवाईक वगैरेंशी) झालेल्या व्यवहारांची टीप असते, मी आधी तीच उघडतो.