मदत हवी आहे: ११ बाय २६ चा गाळा, छोटा कॅफे, माणसं बसवायची कशी?

नमस्कार मंडळी,

मी आणि माझी नणंद मिळून साताऱ्यात राधिका रोडच्या आतल्या गल्लीत छोटासा कॅफे टाकतोय. कॉफी, चहा, टोस्ट आणि नणंदेचे केक, बास. (कंदी पेढ्याचा केक करा असं कृपया सुचवू नका, करून झालाय.)

गाळा ११ बाय २६, उंची साडेअकरा, तोंड पश्चिमेला, आधी झेरॉक्सचं दुकान होतं. मागचे ८ फूट किचन आणि मोरीला गेले, ५ काउंटरला, बसायला उरले १३. बजेट कॉफी मशीन आणि फ्रिज सोडून ४ लाख, त्यातच रंग, लाइट, फर्निचर सगळं.

आता घोळ असा की सुतार म्हणतोय माळा काढू, वर आठजण सहज बसतील. मी टेप लावून बघितला, खाली ७ फूट सोडले आणि माळ्याची जाडी धरली तर वर जेमतेम ४ उरतात, म्हणजे गिऱ्हाइकाने रांगत जाऊन केक खायचा, आणि जिना दोन टेबलांची जागा खाणार ते वेगळंच. पण नणंदबाई हट्टाला पेटल्यात, गाद्या टाकू, फोटो भारी येतील म्हणे.

मग रविवारी आम्ही फरशीवर खडूने २ बाय २ ची टेबलं आखली, घरच्या खुर्च्या नेऊन मांडल्या आणि सासऱ्यांच्या हातात ट्रे देऊन म्हटलं, काउंटरपासून दारापर्यंत जाऊन या. कागदावर सहा टेबलं झकास बसली होती हो, पण माणूस बसला की खुर्ची मागे सरकते हे कुणी धरलंच नव्हतं, सासरे दुसऱ्याच टेबलापाशी अडकले आणि म्हणाले, यापेक्षा एसटी बरी, तिथे निदान कंडक्टर ओरडून वाट तरी काढतो.

म्हणून आता असा विचार आहे की एका भिंतीला सलग बाक दीड फुटाचा, त्यापुढे टेबलाला २ फूट, खुर्चीला २ फूट, मग ३ फूट वाट, आणि समोरच्या भिंतीला १ फुटाची फळी नि स्टुलं. बाकावर ५ टेबलांचे १० आणि फळीला ४. चौदात भागेल का?

दुसरं म्हणजे बाकाची भिंत पावसाळ्यात ओल धरते, पोपडे निघालेत. सुतार म्हणतो प्लायचं पॅनेलिंग मारून झाकून टाकू, मला काही ते पटत नाहीये. आणि खुर्च्या इराणी हॉटेलातल्यासारख्या वाकवलेल्या लाकडाच्या हव्यात, जुन्या घ्याव्यात का?

प्रतिसाद १
ताई, माळा विसरा. आणि ओल झाकली तर सहा महिन्यांत प्लाय फुगून वास मारणार, आधी पाणी कुठनं येतंय ते शोधा, बाहेरून वॉटरप्रूफिंग करा, भिंत पूर्ण वाळू द्या, मग बाक भिंतीपासून दोन बोटं सोडून लावा. बाक नि मोरीजवळचं काम मरीन प्लायमध्येच (पाण्याला टिकणारा प्लाय), शीटवर आयएस ७१० या त्याच्या मानकाचा शिक्का स्वतः बघा, सुताराच्या तोंडावर जाऊ नका. माझ्या पहिल्या दुकानात साधा प्लाय मारला होता, सिंकखालचं दार दुसऱ्या पावसाळ्यात हातात आलं.

प्रतिसाद २
चौदा पुष्कळ झाले, पार्सलवाले उभे राहतात त्यांनाही जागा लागते. रंग लावायच्या आधी मशीनचा वॅटेज बघून वायरमनला बोलवा, दोन ग्रुपचं, म्हणजे एका वेळी दोन ठिकाणी कॉफी काढणारं मशीन ३ किलोवॅटच्या वर जातं, त्याला वेगळी लाइन हवी, झेरॉक्सवाल्याच्या वायरिंगवर अजिबात विसंबू नका. लाइट ३००० केल्विनचे पिवळसर घ्या, पांढऱ्या ट्यूबमध्ये केक दवाखान्यात ठेवल्यासारखा दिसतो. पश्चिमेच्या उन्हाला बाहेरून बांबूची चिक सोडा.

प्रतिसाद ३
त्या खुर्च्यांचं मूळ व्हिएन्नाच्या थोनेट या फर्निचरवाल्यांचं, १८५९ चं मॉडेल, सहा लाकडी भाग आणि दहा स्क्रू. जुनी घेताना उलटी करून हलवून बघा, बैठकीखालचा स्क्रू पकडत नसेल तर सोडून द्या. आणि फळीच्या वर सलग आरसा लावा, इराणी लोकांनी अरुंद जागेत तेच केलंय.

धागाकर्ती
खूप आभार! वायरिंगचं तर डोक्यातच नव्हतं. आरसा नणंदेला इतका आवडला की माळ्याचं नाव निघेना. फक्त एक सांगा, फळीची उंची किती धरू? सुतार ४२ इंच म्हणतोय, पण मग स्टूल उंच होतं आणि सासरे म्हणतात, मी काही त्यावर चढणार नाही.