शंका ‘विचारणे’ आणि शंका ‘काढणे’ : विश्वासातल्या प्रश्नांना कोणता शब्द?

जय ख्रिस्त आणि नमस्कार.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. गेल्या रविवारी संडे स्कूलमध्ये नोहाच्या तारवाचा पाठ झाला. तिने विचारलं, “जलप्रलयात माशांचं काय झालं? ते तर बुडाले नसतील.” शिकवणाऱ्या बाई मायाळू आहेत, पण त्या दिवशी घाईत असाव्यात. म्हणाल्या, “फार शंका काढू नयेत, संशयी थोमा होशील.” घरी येऊन चपला काढता काढता मुलीने मला विचारलं, “आई, शंका काढणं आणि प्रश्न विचारणं वेगळं असतं का?”

तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे विचारते. विश्वास सोडायचा नाही आणि विचारायचंही थांबवायचं नाही, अशा मनाला मराठीत काय म्हणतात? ‘ओपन माइंडेड’साठी ‘खुल्या मनाचा’ म्हणतात, पण ते मला भाषांतर केल्यासारखं वाटतं. ‘मोकळ्या मनाचा’ म्हटलं की पोटात काही न ठेवणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. ‘जिज्ञासू’ बरोबर आहे, पण स्वयंपाकघरात तो शब्द कोण वापरतं?

— नगरहून

ताई, तुमच्या लेकीने नेमक्या जागी बोट ठेवलं. मराठीत सगळी गंमत क्रियापदात आहे. वर्गात हात वर करून मूल शंका *विचारतं*. तिथे शंका म्हणजे न समजलेली गोष्ट, आणि ती विचारली म्हणून कुठलाही चांगला शिक्षक रागावत नाही. शंका *येते*, ती तर आपल्या हातातच नसते. शंका *घेतली* की ती कुणाच्या तरी हेतूवर, चारित्र्यावर जाते. आणि शंका *काढली* म्हटलं की खोड काढणे, खुसपट काढणे, भांडण उकरून काढणे यांच्या रांगेत ती जाऊन बसते. शब्द तोच, पण क्रियापद बदललं की मूल जिज्ञासूचं कुरापतखोर होतं.

‘संशय’ला मात्र ही मुभा नाही. संशय येतो, धरतात, घेतात, फिटतो. पण “मी सरांना एक संशय विचारला” असं मराठीत कुणी म्हणत नाही. विचारता येते ती शंका. त्यात मराठी कानाला गीतेतलं ‘संशयात्मा विनश्यति’ इतकं सवयीचं आहे की ‘संशयी’ म्हटलं की शिक्षा झाल्यासारखंच वाटतं. त्याच चौथ्या अध्यायात सहाच श्लोक आधी ‘परिप्रश्नेन’ आहे, ज्ञान प्रश्न विचारून मिळवावं असं सांगणारा. तो शब्द म्हणीसारखा तोंडी बसला नाही, याचं मला वाईट वाटतं.

— पुण्याहून

थोमाबद्दल बोलायलाच हवं, त्या माणसावर फार अन्याय झाला आहे. थोमा हा येशूचा शिष्य; येशू मेलेल्यांतून उठला हे व्रण पाहिल्याशिवाय मानणार नाही, असं तो म्हणाला होता.

बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाचा अध्याय 20 काढून पाहा. आपल्या मराठी बायबलात येशू त्याला ‘विश्वासहीन असू नकोस, तर विश्वास ठेवणारा अस’ अशा अर्थाचं सांगतो. मूळ ग्रीकमध्ये शब्द आहेत ‘अपिस्तोस’ आणि ‘पिस्तोस’. संशयासाठीचा ग्रीक शब्द तिथे नाहीच. तो येतो मत्तय 14 मध्ये, पाण्यावर चालताना घाबरलेल्या पेत्र या शिष्यासाठी: ‘दिस्ताझो’. त्याच्या मुळाशी ‘दोन’ आहे, म्हणजे दोन्हीकडे ओढलं जाणं. आपलं ‘द्विधा’ त्याच्या अगदी जवळ जातं. पण ‘संशयी पेत्र’ असं कुणी म्हणत नाही, ती पदवी थोमालाच चिकटली.

‘पिस्तोस’ हाही जपून पाहण्यासारखा शब्द आहे. विश्वास ठेवणारा आणि विश्वास ठेवण्याजोगा, असे दोन्ही अर्थ त्यात आहेत. मराठीत आपण ‘विश्वासी’ आणि ‘विश्वासू’ असे वेगळे करतो. थोमाला हातावरचे व्रण बघायचे होते, आणि येशूने ‘कशाला विचारतोस’ असं न म्हणता हात पुढे केला. त्यानंतर थोमाच्या तोंडून ‘माझा प्रभू आणि माझा देव’ निघालं. मी हे वाचतो तेव्हा मला त्यात खरडपट्टी ऐकू येत नाही.

— वसईहून

आमच्या गोव्याकडचं सांगते. कोंकणी प्रार्थनेत ‘मी विश्वास ठेवतो’साठी ‘सत मानतां’ म्हणतात. म्हणजे खरं मानते. आणि श्रद्धेसाठी जुना शब्द ‘भावार्थ’. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणातही (1616) विश्वास ठेवणारे ते ‘भावार्थी’. मराठीत भावार्थ म्हणजे कवितेचा आशय, भावार्थदीपिकेतला तो. मला हे फार आवडतं, की एकाच शब्दात एका गावी ‘श्रद्धा’ आणि दुसऱ्या गावी ‘समजलेला अर्थ’. त्या पुराणाची सुरुवातही प्रश्नानेच होते. जुनी पुराणं वाचू नका म्हणता, मग आम्हाला वाचायला दुसरं काय देता, असं ऐकणारा पाद्रींना विचारतो. त्या एका प्रश्नाचं उत्तर म्हणून सुमारे अकरा हजार ओव्या आल्या.

— मडगावहून

‘ओपन माइंडेड’बद्दल. प्रेषितांची कृत्ये 17 मध्ये बिरुया गावचे लोक आहेत. प्रेषित पौलाने सांगितलेलं त्यांनी उत्सुकतेने ऐकलं, आणि ते खरंच तसं आहे का हे रोज शास्त्रात शोधून पाहिलं. मराठी बायबल त्यांना ‘मोठ्या मनाचे’ म्हणतं. ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ ‘थोर कुळातले’. एरवी मराठीत मोठ्या मनाचा म्हणजे क्षमा करणारा, देणारा. इथे तो पडताळून पाहणारा आहे. ‘शोधणे’साठी जे क्रियापद वापरलं आहे तेच लूक 23 मध्ये रोमी सुभेदार पिलाताने केलेल्या येशूच्या चौकशीसाठी येतं. म्हणजे नुसतं चाळणं नव्हे, उलटतपासणी. खुद्द पौलाचं बोलणं तपासलं, आणि त्यांची स्तुती झाली.

पंडिता रमाबाई आठवतात. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरही तिथल्या भगिनींशी (नन्सशी) त्रैक्यावर, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवर, पत्रांतून वाद घातला, माझ्या सद्सद्विवेकबुद्धीला पटेल तेच मानीन म्हणून. पुढे बायबलचं मराठी भाषांतर करायचं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये टाइप जुळवायला तिथल्याच बायका होत्या. 1922 मध्ये बाई गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं. ज्यांना वाटतं की विचारणाऱ्याचा विश्वास पातळ असतो, त्यांनी त्या अठरा-वीस वर्षांच्या कामाकडे पाहावं.

माझं मत ‘चौकस’ला. चौकस विश्वासी. घरातलाच शब्द आहे, आजी नातवाला कौतुकाने म्हणते.

— पुण्याहून

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘चौकस’ मुलीला आवडला. रात्री आम्ही लूक 2 वाचलं. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसलाय, त्यांचं ऐकतोय आणि त्यांना प्रश्न करतोय. ती ‘प्रश्न’ शब्दावर बोट ठेवून थांबली आणि म्हणाली, “माझ्याहून एकाच वर्षाने मोठा.” मग पेन्सिलने त्याखाली रेघ ओढली. येत्या रविवारी ती माशांबद्दल पुन्हा विचारणार आहे. बाईंशी मी आधी बोलून घेतलं, त्या म्हणाल्या, “विचारू दे, मीही वाचून येते.”

— नगरहून