मुंबईजवळच्या रानवाटा आणि सायकल: तुमचे अनुभव लिहा

जाड टायरची सायकल घेतली, आता मुंबईत ती न्यायची कुठे, असं विचारणारे बरेच भेटतात. एकट्याने उत्तर देण्यापेक्षा इथे चर्चेचा धागा काढलेला बरा, कारण बोरिवलीवाल्याला जे माहीत असतं ते बदलापूरवाल्याला नसतं, आणि उलटही. व्हिडिओ पाहून लोकांना वाटतं की खास सायकलसाठी आखलेली वाट हवी, वळणावळणावर बाण हवेत. आपल्याकडे आहेत त्या पाड्यांच्या पायवाटा, बैलगाडीच्या चाकोऱ्या, धरणाकडे जाणारे मुरमाचे रस्ते. त्या कोणीतरी रोज वापरतं आणि सायकलवाला तिथे पाहुणा असतो. मला हेच आवडतं.

एकच विनंती. राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात परवानगीशिवाय जायचं नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यातच तसं आहे. त्यामुळे आतल्या चोरवाटा इथे लिहू नका. उघड्या वाटाच इतक्या आहेत की पुरून उरतील.

माझ्यापासून सुरुवात करतो. बोरिवलीच्या उद्यानात मुख्य फाटकापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा रस्ता. डांबरी आहे, पण गिअर कसे बदलायचे आणि उतारावर ब्रेक कसा धरायचा हे शिकायला याहून चांगली जागा नाही. सुरुवातीला दहिसर नदी सोबत असते. ती तुळशी तलावाकडून येते, उन्हाळ्यात नुसते दगड आणि श्रावणात खळाळ. शेवटचा कान्हेरीचा चढ पाय भरून आणतो. सोमवारी उद्यान बंद असतं. माकडांसमोर खाऊची पिशवी हँडलला लटकवू नका, ती थेट पिशवीवरच झेप घेतात.

लिहा मंडळी. वाट, मोसम, जमीन कशी होती, काय दिसलं, कुठे चहा मिळाला, सगळं.

ठाणेकर

येऊर. उपवन तलावापासून चढ लागतो तो वर गाव येईपर्यंत सोडत नाही. पावसाळ्यात मी डांबर सोडत नाही, कारण कडेच्या दगडांवर शेवाळ धरतं आणि त्यावर कुठलाही टायर टिकत नाही. सप्टेंबर सरताना मात्र पाड्यांकडचे मातीचे रस्ते घट्ट होतात. तेव्हा पहाटे पहिला जाणारा तुम्ही असाल तर वाटेवर दोन झाडांमध्ये कोळ्यांची जाळी ताणलेली असतात. मधोमध तळहाताएवढी कोळीण, काळी, पायांच्या सांध्यांवर पिवळी. जाळ्याचा धागा उन्हात सोनेरी दिसतो आणि तोंडावर आला तर तुटताना चक्क ताण जाणवतो. मी उतरतो, सायकल हातात धरून बाजूने काढतो.

२०२४ साली कारवी फुलली तेव्हा काही उतार जांभळेच झाले होते. आठ वर्षांनी एकदा फुलते, म्हणजे आता २०३२. त्या वर्षीच्या सुट्ट्या मी आत्ताच मनात राखून ठेवल्या आहेत.

आरेचा पाडेकर

मी आरेतल्या एका पाड्यावर राहतो, वारली आहे. सायकल मीही चालवतो, स्टेशनला जायला आणि हौसेनेही. तुम्ही ज्याला ट्रेल म्हणता ती आमच्या आयाबहिणींची बाजाराला जायची वाट आहे. डोक्यावर भाजीची पाटी असते, वाट एका माणसापुरती. घंटी वाजवा, पण लांबून वाजवा. अगदी पाठीशी येऊन वाजवली की बाई दचकते आणि पाटी पडते. आणि थांबलात तर बोला. आमच्याकडे आलेल्याला पाणी विचारतात.

बिबट्याबद्दल सगळे विचारतात, म्हणून सांगतो. तो आहे, कायम होता. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस असते, आम्ही वाघदेवाला पुजतो. भीती आणि मान दोन्ही असतं त्यात. अंधार पडल्यावर आमची पोरंसुद्धा झाडीतल्या वाटेने एकटी जात नाहीत, गोष्टी करत, मोठ्याने बोलत जातात. सायकलवाल्यांसाठी मुद्दाम: संध्याकाळी पंक्चर झालं तर झाडीत वाकून बसून काढू नका. बसलेला, वाकलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. सायकल ढकलत दिव्याच्या रस्त्यावर आणा आणि मग काय ते करा.

मुलुंडची आजी

पाडेकर, फार बरं केलंत लिहिलंत ते. मुलगा आरेत जातो, त्याला वाचायला दिलं.

मी साठी ओलांडल्यावर गिअरची सायकल घेतली. चढ मला नको वाटतात, म्हणून माझी वाट मांडव्याची. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट, सायकल सोबत, तासाभरात पलीकडे. तिथून सासवणे, आवास, किहीम. सुरूची बनं, सुपारीच्या वाड्या, मधूनच वाळूमिश्रित लाल रस्ता. वाळूत सायकल रुतते, तिथे सरळ उतरून चालायचं. नारळपाणी प्या, माणसं बघा, संध्याकाळच्या बोटीने घरी. गुडघे काही म्हणत नाहीत.

वसईकर

तुंगारेश्वर. महामार्ग सोडला की देवळाकडे जाणारा कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना दाट रान, आणि ओढे थेट रस्त्यावरून आडवे वाहतात. हिवाळ्यात त्यात घोटाभर पाणी, गोटे दिसतात, गिअर हलका करून सलग पॅडल मारत राहिलं की पार. मध्ये थांबलं की पाय पाण्यात. ऐन पावसात तिकडे जाऊच नका. ओढे चढतात, आणि धबधब्यांवर बंदीही लागते ती उगाच नाही. हे अभयारण्य आहे, आवाज कमी ठेवा, ब्लूटूथचे भोंगे घरी ठेवा.

दादरचा सायकलवाला

दुकानात बसून इतकी वर्षं चाकं सरळ करतोय, म्हणून थोडं कामाचं.

कच्च्या वाटेवर हवा कमी हवी. सव्वादोन इंची टायरला रस्त्यावर चाळीसच्या आसपास ठेवता, ती मातीवर पंचवीस-तीस पीएसआयवर, म्हणजे पंपाच्या काट्यावरच्या तेवढ्या दाबावर, आणा. पकड लगेच वाढलेली कळते. फार खाली नेली तर दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात, पॅच लावताना दोन्ही शोधा.

मागचा डीरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, फ्रेमला जोडणारा हँगर. अॅल्युमिनियमचा छोटा तुकडा, मुद्दाम नरम केलेला, म्हणजे सायकल पडली तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, रानात कोणाचा कोणाला लागत नाही. आपल्या सायकलचा एक जास्तीचा आणून सीटच्या पिशवीत टाका. चिखलातून आल्यावर धुताना पाण्याचा जोराचा फवारा चाकाच्या मधल्या हबवर आणि पॅडलच्या क्रँकवर मारू नका, आतलं ग्रीस निघून जातं. बादली आणि जुना ब्रश पुरे. चेन कोरडी झाली की मगच तेल, आणि वरचं पुसून टाका.

बदलापूरकर

डोंगर सगळ्यांना हवे असतात, मला मात्र आमचा उंचसखल प्रदेश आवडतो, हलके चढ आणि हलके उतार. बदलापूरहून बारवी धरणाकडे निघायचं आणि पुढे मुरबाडच्या अंगाला सरकायचं. साग, ऐन, मध्येच भाताची खाचरं, परत साग. एक चढ दम लावतो तोवर उतार येतो, उताराचा वेग पुढच्या चढाला अर्ध्यापर्यंत नेतो, उरलेला अर्धा पायांनी. ही लय लागली की मी बोलत नाही, सोबतचेही बोलत नाहीत.

मोसमागणिक जमीन पार बदलते. पावसाळ्यात मुख्य रस्ता सोडायचा नाही, खाचरं लावलेली असतात आणि बांधावरून सायकल नेली तर बांध ढासळतो. बांध म्हणजे शेतकऱ्याची वर्षाची मेहनत, तो सुकलेला असला तरी त्यावरून चाक नेऊ नये असं माझं ठाम मत आहे. कापणी झाली की बैलगाडीच्या वाटा मोकळ्या होतात. चाकोरी खोल असेल तर टायर तिच्यात अडकतो आणि हँडल वळत नाही, म्हणून दोन चाकोऱ्यांच्या मधल्या गवताच्या पट्ट्यावरून चालवायचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची पानं गळून वाटेवर जाड थर होतो. कडाकड आवाज येतो, ऐकायला छान, पण खाली खड्डा आहे की मूळ ते कळत नाही. तिथे पुढचा ब्रेक हळू.

याच दिवसांत पळस पेटतो आणि शेतांत राब भाजायला घेतात. पालापाचोळा, शेण, काटक्या रचून रोपांच्या जागेवर जाळतात. त्या धुराचा वास कपड्यांत दोन दिवस राहतो. मागच्या उन्हाळ्यात एका खाचराशी थांबलो होतो. एक मावशी ओल्या डहाळीने राबाची कड झोडपत होती, आग बांधाबाहेर जाऊ नये म्हणून. मी विचारलं, किती वेळ थांबावं लागतं? म्हणाली, "पार इजेपातुर. वारा पडलेला बघूनच पेटवाया लागतं, दुपारच्याला नाय." मग माझ्या सायकलकडे बघून म्हणाली, "हिला मागं बसाया जागा नाय व्हय? मग बाजार कशावं आनतोस?" आता मला कॅरिअर बसवायचा आहे. दादरचे दादा, एमटीबीच्या, म्हणजे आपल्या या जाड टायरच्या सायकलच्या, फ्रेमला बसतो का?

दादरचा सायकलवाला

फ्रेमला मागे भोकं असतील तर सहज. नसतील तर सीटपोस्टला, म्हणजे सीटच्या दांड्याला, क्लॅम्पचा येतो, पण त्यावर वजन मर्यादित. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपरला, म्हणजे चकती दाबणाऱ्या भागाला, न लागणारा बघून घ्या. फोटो टाका, सांगतो.

धागाकर्ता

बदलापूरकर, मावशींच्या शेताकडे पुन्हा गेलात तर आम्हालाही न्या. शहापूर, जव्हार आणि कर्जतकडचं अजून कोणी लिहिलेलं नाही. तिकडचे असाल तर वाचून पुढे जाऊ नका, पावसाआधी जमीन कशी आहे तेवढं तरी टाका.