मदत हवी आहे: माउंटन लॉरेलची कोवळी पाने पिवळी पडत आहेत

आम्ही अमेरिकेतील कनेटिकट राज्यात राहतो. चार वर्षांपूर्वी घराच्या पूर्वेकडील भिंतीलगत माउंटन लॉरेलचे झुडूप लावले. हे येथील राज्यफूल असून ओकच्या रानात, कुजलेल्या पाचोळ्यात ते आपसूक वाढते. वाढ मुळातच संथ असल्याने ते जेमतेम गुडघ्यापर्यंत आले याची तक्रार नाही. परंतु यंदा कोवळी पाने पिवळी पडून त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या आहेत आणि मागील उन्हाळ्यात धरलेल्या कळ्यांपैकी एकच गुच्छ उमलला. त्या फुलांच्या खाचांत अडकलेले पुंकेसर मधमाशी बसताच उसळून तिच्यावर पराग उडवताना पाहिले, तेव्हापासून हे झुडूप गमावण्याची कल्पनाही सहन होत नाही.

मातीचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचा आकडा; तो जितका कमी तितकी माती अधिक आम्ल) 6.7 भरला; या झुडपाला साधारण 4.5 ते 5.5 लागतो. घराच्या पायाच्या काँक्रीटमधून चुना झिरपत असावा, अशी मला दाट शंका आहे. गंधकाची भुकटी घालून सामू हळूहळू उतरवावा, की सप्टेंबरमध्ये उथळ मुळांच्या गोळ्यासह झुडूप भिंतीपासून दूर हलवावे? ज्यांनी लॉरेल किंवा रोडोडेंड्रॉन असे हलवून जगवले आहे, त्यांनी गोळा केवढा घेतला आणि पाइनच्या सुयांचे आच्छादन किती जाड ठेवले, हे कृपया सविस्तर सांगावे.