मदत हवी आहे: छातीत टाल्क पावडर फवारण्याचा कोणाला अनुभव आहे का?

नमस्कार. फुफ्फुसाच्या कॅन्सरमुळे बाबांच्या छातीत सारखं पाणी होतंय. सुईने काढलं की चार दिवस बरं, मग पुन्हा धाप. रात्री पाठीशी उशांची चळत लावून बसूनच झोपतात. डॉक्टर म्हणतात, दुर्बिणीतून 4-5 ग्रॅम निर्जंतुक टाल्क आत फवारू. त्याने सूज येऊन फुफ्फुसाची दोन्ही आवरणं चिकटतील, पाणी साठायला जागा उरणार नाही. फुफ्फुस पूर्ण फुगत असेल तरच उपयोग. नंतर ताप येतो, छाती दुखते म्हणे. दुसरा पर्याय, नळी ठेवून घरीच पाणी काढायचं. पण तिची निगा आईला झेपेल असं वाटत नाही, म्हणून मला टाल्कच बरं वाटतंय. कोणाच्या घरी केलंय का? दुखणं किती दिवस राहिलं? पाणी परत झालं का? निर्णय याच आठवड्यात घ्यायचाय, कृपया सांगा.