हॅमॉकचे झाडाला बांधायचे पट्टे किती टिकतात आणि बाद कधी करावेत?

घाटमाथा

नमस्कार मंडळी. गेली तीन वर्षे मी सह्याद्रीतल्या मुक्कामाला तंबूऐवजी हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये बांधायची झोळी, नेतो. त्याचे पट्टे अडीच सेंटिमीटर रुंद असून त्यांवर ओळीने फासे शिवलेले आहेत. हव्या त्या फाशात कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) अडकवला की उंची जुळते. आजवर चाळीसेक रात्री त्यांवर काढल्या, त्यांतल्या निम्म्या पावसाळ्यातल्या.

मागच्या मुक्कामात पहाटे टर्र असा आवाज होऊन मी चार बोटे खाली आलो. उजाडल्यावर पाहिले तर भार असलेल्या फाशाच्या शिवणीतले निम्मे टाके उसवले होते. खोडाला विळखा बसतो त्या भागावर लव आली आहे. मूळचा गडद हिरवा पट्टा बाहेरून राखाडी झाला आहे, पण फाशाची घडी उलगडली तर आत हिरवा रंग जसाच्या तसा आहे. हेही सांगायला हवे की एका उन्हाळ्यात मुलांसाठी हाच हॅमॉक गच्चीवर दोन महिने बांधून ठेवला होता.

माझे वजन ७८ किलो आहे आणि पट्ट्यावर १८० किलो असे छापलेले होते. शिवण नव्याने मारून घेतली तर चालेल का? नवे घ्यायचे झाल्यास नायलॉन घ्यावे की पॉलिएस्टर?

कातळकडा

शिवण मारून घेऊ नका; तो पट्टा बाद झाला आहे. आपण दिलेल्या वर्णनात सर्वांत महत्त्वाची गोष्ट घडीच्या आतला हिरवा रंग ही आहे. बाहेरचा रंग उडाला याचा अर्थ तेवढ्या भागाने ऊन खाल्ले, आणि उन्हातले अतिनील किरण रंगाबरोबर धाग्यातले रेणूही तोडत असतात. चाळीस रात्री अंधारात आणि झाडांच्या सावलीत गेल्या, म्हणून माझ्या मते खरे नुकसान त्या दोन महिन्यांत गच्चीवर झाले. शिवणीचा दोरा पट्ट्याच्या मानाने बारीक आणि पृष्ठभागावर उघडा असतो, म्हणून तो आधी गेला. विरलेल्या नवारीला नव्याने टाके घातले तर सुईची नवी भोके पडतात आणि मजबूत दोरा कमजोर कापडाला धरून राहतो, इतकेच.

धाग्याबद्दल म्हणाल तर पॉलिएस्टरच घ्यावे. नायलॉन साध्या हवेतही वजनाच्या चार टक्क्यांच्या आसपास ओल धरते, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. भिजलेले नायलॉन ताणले जाते, त्याची ताकदही काहीशी उतरते, आणि रात्री गुडघ्याच्या उंचीवर बांधलेला हॅमॉक पहाटे जमिनीला टेकतो. दोरावर पडणाऱ्या गिर्यारोहकाला झटका झेलण्यासाठी नायलॉनचा हा ताण उपकारक ठरतो. निवांत झोपणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

आता १८० किलोच्या आकड्याविषयी. पट्टा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येक पट्ट्यावर आपल्या वजनाइतकाच, म्हणजे ७८ किलोंचा ताण येतो. कोन १५ अंश झाला की तो १५० वर जातो आणि १० अंशांना सुमारे २२५ होतो. झाडे लांब असली की आपण पट्टे ताठ ओढतो, आणि नेमके तेव्हाच छापील आकडा ओलांडला जातो. आपण कोन किती ठेवता?

सुरूबन

मी बहुतेक मुक्काम कोकण किनाऱ्यावर, सुरूच्या बनात करतो, म्हणून वरच्या उत्तराला एक जोड देतो. ऊन हे मोठे कारण आहेच, पण आपल्या पट्ट्यावरची लव उन्हाने आलेली नाही, ती घासण्याची आहे. सुरूची साल खरबरीत असते, आणि रात्री कूस बदलली की पट्टा तिच्यावर केसभर सरकतो. त्यात वाळू असेल तर प्रत्येक कण विणीत शिरून आतून धागे कापतो. असा पट्टा बोटांमध्ये दुमडून कानाशी धरला तर बारीक करकर ऐकू येते. मुक्कामाहून परतल्यावर मी पट्टे गोड्या पाण्याच्या बादलीत तासभर बुडवतो, दोनदा पाणी बदलतो आणि सावलीत वाळवतो. धुण्याचा सोडा किंवा ब्लीच मात्र कधीही वापरू नये. तीव्र अल्कलीने पॉलिएस्टर झिजते.

पाच सेंटिमीटर रुंदीचे पट्टे घेतले तर दाब दुप्पट जागेवर पसरतो. त्याने पट्टाही टिकतो आणि झाडही, कारण सालीच्या अगदी आतल्या थरातूनच झाडाचे अन्न वाहते. पावसाळ्यात साल मऊ झालेली असते तेव्हा हे विशेष जपावे.

दर दोन वर्षांनी पट्टे बदलावेत असे पुष्कळ जण सांगतात. मला ते पटत नाही. पट्टा तपासून ठरवावे. कडेचा एक जरी धागा तुटला असेल, कुठे चकचकीत आणि कडक डाग दिसत असेल (घर्षणाच्या उष्णतेने धागा वितळल्याची ती खूण आहे), किंवा टाका सुटला असेल, तर तो सहा महिन्यांचा असला तरी टाकून द्यावा.

ओढाकाठ

हार्डवेअरच्या दुकानातून सुटी नवार घेण्याचा विचार असेल तर एक साधी परीक्षा करावी. बोटभर तुकडा साबणाच्या पाण्यात चुरगळून त्यातली हवा काढावी आणि पेल्यात सोडावा. तो तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन आहे, घेऊ नये. सतत भाराखाली ते हळूहळू लांबत जाते आणि उन्हात लवकर ठिसूळ होते. पॉलिएस्टर आणि नायलॉन दोन्ही बुडतात. मालवाहतुकीचे पट्टे युरोपीय मानकाचे असतील तर लेबलच्या रंगावरून धागा कळतो: निळे पॉलिएस्टर, हिरवे नायलॉन, तपकिरी पॉलिप्रॉपिलीन.

मी स्वतः शिवलेले फासे सोडून दिले आहेत. एका टोकाला एकच फासा असलेला साधा पट्टा आणि बकल वापरतो, त्यामुळे उसवण्याजोगी जागा प्रत्येक पट्ट्यावर एकच उरते आणि तपासणी दोन मिनिटांत होते. बकल नसेल तरी पट्ट्याला निरगाठ मारू नये. गाठीजवळ ताकद बरीच उतरते आणि भार आल्यावर ती सुटतही नाही.

घाटमाथा

सर्वांचे मनापासून आभार. काल गच्चीच्या दोन खांबांना पट्टे पूर्वीसारखेच बांधून, हॅमॉकमध्ये रेतीची पोती ठेवून मोबाइलवर कोन मोजला. तो १२ अंश भरला. म्हणजे इतकी वर्षे मी प्रत्येक पट्ट्यावर जवळपास १९० किलोंचा ताण देत होतो. पाच सेंटिमीटर रुंदीचे पॉलिएस्टरचे पट्टे मागवले आहेत आणि ते अर्धा मीटर अधिक लांब घेतले आहेत, म्हणजे मोठ्या घेराच्या झाडालाही विळखा घालून पुरेसा झोल सोडता येईल. जुने पट्टे दुसऱ्या कोणी वापरू नयेत म्हणून त्यांचे वीतभर तुकडे केले. खोडाकडच्या भागाला कात्री लावली तेव्हा विणीतून चिमूटभर तांबडी माती कागदावर पडली.