बाबांना ट्रायलमध्ये घ्यायचं म्हणतायत, सही करू का?

कल्याणकर_८८
बाबांना तोंडाचा कॅन्सर, दीड वर्षापूर्वी ऑपरेशन झालं, आता परत आलाय आणि यावेळी ऑपरेशन जमणार नाही म्हणाले. परवा ओपीडीत चार तास बसून नंबर लागला तर डॉक्टर म्हणे एक ट्रायल चालू आहे, त्यात बसतायत, शुक्रवारपर्यंत कळवा. हातात २२ पानांचा फॉर्म. मराठीतच आहे, पण त्यापेक्षा सातबारा सोपा. "यादृच्छिक गटविभागणी" म्हणजे चिठ्ठ्या टाकणार का? आई म्हणते माझा माणूस काय उंदीर आहे का प्रयोग करायला. नुसतं पाण्याचं सलाईन लावून बघत बसले तर? बाबा काहीच बोलत नाहीत, पेपर वाचत बसतात. कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा

परळची_परी
ट्रायल कोऑर्डिनेटर आहे, सहा वर्षं हेच करतेय. हो, चिठ्ठ्याच, फक्त कॉम्प्युटर टाकतो. डॉक्टरच्या हातात ठेवलं तर तो धडधाकट पेशंट नव्या औषधाला देईल आणि मग औषधाने बरं वाटलं की मुळात तब्येतच बरी होती ते कळणारच नाही. पाण्याचं म्हणाल तर, कॅन्सरमध्ये आधीपासून ठरलेली नेहमीची ट्रीटमेंट असेल तर दुसऱ्या गटाला सहसा तीच देतात. पण "सहसा"वर जाऊ नका, तुमच्या फॉर्ममध्ये दुसऱ्या गटाला काय मिळणार ते शोधा, नाही सापडलं तर विचारा. सीटीआरआय, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला नंबर पण घ्या, २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे, साइटवर कोणालाही बघता येते. मधेच सोडायचं असेल तर कारण न देता सोडता येतं. आणि दादा, सही तुमची नाही, बाबांची लागते. त्यांना विचारलंत का?

वडापाव_विदाउट_चटणी
आईंना हे सांगा. निव्होलुमॅब म्हणून इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं इंजेक्शन आहे, नेहमीचा डोस २४० मिग्रॅ दर दोन आठवड्यांनी, आपल्यासारख्यांनी किंमत ऐकूनच उठून यायचं. टाटाच्या डॉक्टरांनी २० मिग्रॅ, तेही दर तीन आठवड्यांनी, साध्या गोळ्यांच्या जोडीला देऊन बघितलं. डोक्यामानेच्या कॅन्सरचे १५१ पेशंट, बरे होण्यापलीकडे गेलेले. वर्षभराने नुसत्या गोळ्यांवाल्या गटात १६.३ टक्के हयात, इंजेक्शनवाल्यात ४३.४. २०२२ ला छापून आलं. आता हे कळलं कसं? त्या नुसत्या गोळ्यांच्या गटातही कोणाचे तरी बाबा होतेच ना.
तुमच्या ट्रायलमध्ये असंच होईल असं अजिबात म्हणत नाहीये हां, फुसके बार पण भरपूर निघतात

पालघर_लोकल
वरचं सगळं बरोबर, पण कोणी हेलपाट्यांबद्दल बोलत नाही. आमचे काका होते एका ट्रायलमध्ये, हॉस्पिटलचं नाव नको. दर आठवड्याला रक्त काढायचं म्हणून पहाटेची गाडी, उपाशीपोटी, विरारला उभं राहायला जागा नाही, आणि प्रवासखर्चाचे पैसे आले पाच महिन्यांनी. औषध चांगलं लागू पडलं ते वेगळं. रात्री ताप आला तर फोन कोणाला करायचा ते आधी विचारा, आम्ही एकदा रात्रभर लँडलाइन वाजवत बसलो होतो.

परळची_परी
@पालघर_लोकल हे व्हायला नको होतं, डॉक्टरचा नंबर फॉर्मवरच असावा लागतो. ट्रायलमुळे काही इजा झाली तर उपचार फुकट करणं आणि नियमाप्रमाणे भरपाई देणं पण २०१९ च्या नियमांत आहे.

कल्याणकर_८८
थँक्स सगळ्यांना. रात्री जेवण झाल्यावर फॉर्म बाबांसमोर ठेवला. आई भांडी आपटत होती आत. त्यांनी चष्मा पुसला, तासभर वाचला, बॉलपेनने सहा ठिकाणी रेघा मारल्यात. सगळ्यात जाड रेघ रक्त किती वेळा काढणार त्याच्याखाली. म्हणाले शुक्रवारी मीच बोलतो डॉक्टरशी, तू नुसता सोबत ये.